मॉडेल रेल्वेतली पोस्टाची पेटी: कोणत्या साली कोणता रंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं घरच्या लेआउटवर बडोद्याच्या आसपासचं स्टेशन उभारणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मग ते बीबीसीआयच्या (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या) काळातलं ब्रॉडगेज स्टेशन असो, डभोई-मियागामची नॅरोगेज असो, की आजचा बडोदा जंक्शनचा फलाट. परदेशी सेट चालवणाऱ्यांसाठीचे प्रश्न शेवटी आहेत.

एवढ्याशा पेटीच्या रंगाचा इतका विचार कशाला करायचा?

एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकारात, पोस्टाची खांबपेटी जेमतेम १७ मिमी उंच होते. पण स्टेशनचं दृश्य बहुतेक मातकट, राखाडी आणि फिकट पिवळ्या रंगांचं असतं आणि त्यात लाल ठिपका एकच. पाहणाऱ्याची नजर इंजिनाच्या आधी तिथे जाते. शिवाय ही वस्तू प्रत्येकाने पाहिलेली आहे. नॅरोगेजच्या झेडबी वाफेच्या इंजिनाच्या चाकांची मांडणी चुकली तर दहातल्या एकाला कळेल; पेटी निळी लावली तर दहाही जणांना खटकेल. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचा ट्रॅक्टर ठेवला की जसं वाटतं, तसंच.

सुरुवात कुठून करायची? रंगापासून?

नाही, सालापासून. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: साल, गाव, कोणती रेल्वे. "साधारण वाफेच्या इंजिनांचा काळ" एवढं पुरत नाही. दहा वर्षांचा पट्टा तरी ठरवा. बडोद्याच्या दृश्यासाठी या तारखा हाताशी ठेवा:

१९२८: फ्रंटियर मेल ही गाडी सुरू.
१ मे १९४९: बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन.
२६ जानेवारी १९५०: प्रजासत्ताक, राजमुकुटाची चिन्हं इथून पुढे नकोत.
५ नोव्हेंबर १९५१: बीबीसीआय जाऊन पश्चिम रेल्वे.
१ मे १९६०: गुजरात राज्य.
१५ ऑगस्ट १९७२: पिनकोड.
१९७४: 'बडोदा'चं अधिकृत नाव 'वडोदरा'.
१९८५: डाक-तार खात्याची फाळणी, डाक वेगळं, दूरसंचार वेगळं.
२००८: भारतीय डाकचं नवं बोधचिन्ह, लाल-पिवळी रंगसंगती.

पेटीचा मूळ लाल रंग या सगळ्या काळात टिकला. बदलत गेली ती तिच्यावरची अक्षरं, चिन्हं आणि आजूबाजूच्या पाट्या. चुका जास्त करून तिथेच होतात.

भारतातल्या पेटीचा नेमका लाल कोणता?

आपल्याकडे रंगांना भारतीय मानक क्रमांक आहेत, आयएस ५. त्यात ५३८ क्रमांकाचा रंग 'पोस्ट ऑफिस रेड' याच नावाने आहे. हार्डवेअरच्या दुकानात इनॅमलच्या शेडकार्डावर तो 'पी.ओ. रेड' म्हणून मिळतो. दुकानदाराला तसंच सांगा, "पी.ओ. रेड, सगळ्यात छोटा डबा." नुसतं "लाल द्या" म्हटलं तर सिग्नल रेड हातात पडण्याची शक्यता मोठी. तो ५३७, अगदी शेजारचा क्रमांक, आणि डबा बंद असताना फरक लक्षातही येत नाही.

मॉडेलच्या रंगांतच काम करायचं असेल तर टामियाचा एक्सएफ-७ किंवा व्हायेहोचा ७०.९५७ हा मॅट लाल जवळचा आहे. दोन्हींत थोडी भर घालावी लागते. ती 'खेळण्यासारखी दिसते' या प्रश्नात सांगितली आहे.

पेटी संपूर्ण लाल असते का?

नेहमीची खांबपेटी धड लाल, वरची टोपी काळी आणि खालचा पाया काळा अशी असते. भिंतीवरच्या छोट्या पेटीलाही बऱ्याचदा वरची झाकणाची बाजू काळी दिसते. हा काळा विसरला की पेटी नळकांड्यासारखी दिसायला लागते, कारण टोपी आणि धड यांच्यातली कडा लहान स्केलमध्ये सावलीने दिसत नाही, रंगानेच दाखवावी लागते. पूर्ण लाल पेट्याही आहेत, विशेषतः अलीकडे नव्याने रंगवलेल्या. तुम्ही निवडलेल्या गावाचा त्या काळातला फोटो तसं दाखवत असेल तर खुशाल तशी करा.

काळा रंग शुद्ध काळा घेऊ नका. गडद राखाडी घ्या, म्हणजे काळ्यात एक पंचमांश करडा. शुद्ध काळा छोट्या वस्तूवर भोक पडल्यासारखा दिसतो.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत पेटी जवळजवळ काळी दिसते. मग ती हिरवी किंवा काळी होती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यातून निघालेली चूक सुधारायला सगळी पेटी खरवडावी लागते. म्हणून जरा सविस्तर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून १९२०-३० पर्यंत फोटोसाठी ज्या प्लेट्स वापरात होत्या त्यांतल्या बऱ्याच ऑर्थोक्रोमॅटिक होत्या. त्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, लालला जवळजवळ देत नाहीत. त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी पडते आणि निळं आकाश कोरं पांढरं येतं. नंतर पँक्रोमॅटिक फिल्म रुळली. तिच्यात लाल मध्यम करडा दिसतो. म्हणजे एकच पेटी १९१० च्या फोटोत काळी आणि १९५० च्या फोटोत करडी दिसेल, रंग तोच असूनही.

पडताळणी सोपी आहे. त्याच फोटोत ज्याचा रंग पक्का माहीत आहे अशी लाल वस्तू शोधा. रेल्वेच्या फोटोत ती हमखास सापडते: होम सिग्नलचा हात. तो लाल आणि त्यावर पांढरा पट्टा. हात काळा आणि पट्टा पांढरा दिसत असेल तर फोटोतल्या काळ्या पेटीला लाल समजायला हरकत नाही. सिग्नल नसेल तर गार्डच्या हातातलं लाल निशाण किंवा फलाटावरच्या आगीच्या बादल्या पाहा. आकाशात ढगांचा मागमूस नसेल आणि सगळं कोरं असेल, तर तोही ऑर्थो प्लेटचा इशारा.

हाताने रंगवलेली पोस्टकार्डं पुरावा म्हणून धरू नका. रंगवणाऱ्याने जागा कधी पाहिलेलीच नसे.

सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट वेगळ्या तऱ्हेने फसवतात. त्या कागदातला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस होतो. अशा फोटोतून लालची छटा काढू नका. आधी फोटोतला पांढरा शर्ट किंवा चुन्याची भिंत पाहून फोन किंवा संगणकात पांढरा रंग जुळवून घ्या, मगच लालकडे बघा.

बडोदा संस्थानाच्या पेट्या वेगळ्या रंगाच्या होत्या का?

बडोदा संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटं काढली नाहीत. इथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याची कचेरी चालत असे. त्यामुळे १९४९ आधीच्या बडोद्याच्या स्टेशनवर खात्याची लाल पेटी ठेवायला अडचण नाही. गायकवाडी चिन्ह पेटीवर रंगवू नका.

इंदूर आणि ग्वाल्हेरचं दृश्य करणाऱ्यांनी मात्र हे उत्तर जसंच्या तसं उचलू नये. ग्वाल्हेरची १८८५ पासून हिंदुस्थान सरकारच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव छापलेली तिकिटं होती, आणि होळकर संस्थानाची १८८६ पासून स्वतःची तिकिटं व स्वतःचं टपाल होतं. तिथे स्थानिक फोटोवरूनच काम करावं.

डभोईची १८६२ ची बैलांनी ओढलेली गाडी करतोय. पेटी लावू का?

वगळा. चुकीच्या पेटीपेक्षा पेटी नसलेलं दृश्य बरं. ब्रिटनमध्येसुद्धा पेट्या लाल करण्याचा निर्णय १८७४ चा आहे, आणि जुन्या हिरव्या पेट्या रंगवून संपायला साधारण दहा वर्षं लागली. १८६२ च्या देखाव्यात लाल खांबपेटी कुठेच बसत नाही. त्या जागी टपालाची थैली खांद्यावर घेतलेला माणूस ठेवा.

हिरव्या, निळ्या, पिवळ्या पेट्या कुठे आणि कधी लावायच्या?

नव्वदच्या दशकात टपालाचे वेगवेगळे मार्ग ठरवले गेले आणि मोठ्या शहरांत त्यांच्यासाठी रंगीत पेट्या आल्या. हिरवी पेटी त्याच शहरातल्या पत्रांसाठी. निळी मेट्रो शहरांसाठी: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. पिवळी राज्यांच्या राजधान्यांसाठी. बाकी सगळ्यासाठी नेहमीची लाल.

लेआउटसाठी नियम असा ठेवा. नव्वदच्या आधीचं दृश्य: फक्त लाल. नव्वदनंतरचं मोठ्या शहरातलं हेड पोस्ट किंवा मोठ्या स्टेशनचा आरएमएस (रेल्वे मेल सर्व्हिस) कार्यालयाचा कोपरा: लालशेजारी एखादी रंगीत पेटी शोभते, पण त्या जागेचा त्या काळातला फोटो असेल तरच. डभोई, जंबुसर, मियागाम यांसारख्या स्टेशनांवर आणि गावांत फक्त लाल. चारही रंगांची रांग दिसायला फार छान दिसते, म्हणून ती लावण्याचा मोह होतो. नॅरोगेजच्या फलाटावर ती काळ आणि जागा दोन्ही बिघडवते.

पेटीवर काय लिहायचं? कोणत्या भाषेत?

एचओ किंवा त्याहून लहान स्केलमध्ये अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्यांची जागा आणि लांबी दिसते. फटीखाली पांढरी आडवी ओळ, तिच्याखाली पत्रे काढण्याच्या वेळांची पांढरी पाटी आणि पाटीवर बारीक काळ्या रेघा, एवढं पुरतं. ओओ आणि ओ या मोठ्या स्केलमध्ये 'लेटर बॉक्स' आणि 'पत्र पेटी' असं दोन ओळींत येतं. गुजरात राज्य झाल्यानंतरच्या दृश्यात गुजराती ओळही शोभते.

ब्रिटिश सेटमधून आलेल्या पेटीच्या दारावर राजचिन्ह कोरलेलं असतं. एलिझाबेथ दुसरीचं चिन्ह असेल तर ते भारतीय दृश्यात कुठल्याही सालात बसत नाही. ती १९५२ साली राणी झाली, तेव्हा भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. ४०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिशपेपरने ते घासून काढा, मग ८०० ने गुळगुळीत करा. खोलगट जागा राहिली तर मॉडेल पुट्टीचा पातळ थर.

पेटी बरोबर असली तरी शेजारची पोस्टाची पाटी साल उघडं पाडते. १९७२ च्या ऑगस्टपूर्वी पाटीवर पिनकोड नको. नंतर रावपुऱ्याच्या हेड पोस्टाला ३९०००१, डभोईला ३९१११०. १९८५ पूर्वी पाटीवर 'डाक-तार' असं एकत्र नाव चालतं, नंतर नाही. लाल पाटीवर पिवळ्या पंखांसारख्या रेघांचं बोधचिन्ह फक्त २००८ नंतर.

मापं किती धरायची?

शक्य असेल तर जवळची जुनी पेटी टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. मोजता येत नसेल तर खांबपेटी साधारण १५०० मिमी उंच आणि ४५० मिमी व्यासाची धरून चालवा, टांगती पेटी ४५० मिमी उंच आणि २५० मिमी रुंद. स्केलमध्ये:

एन (१:१६०): खांबपेटी ९.४ × २.८ मिमी, टांगती २.८ × १.६ मिमी.
एचओ (१:८७): खांबपेटी १७.२ × ५.२ मिमी, टांगती ५.२ × २.९ मिमी.
ओओ (१:७६): खांबपेटी १९.७ × ५.९ मिमी, टांगती ५.९ × ३.३ मिमी.

एक गोंधळ इथे नेहमी होतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो एचओच्या १६.५ मिमीच्या रुळावर आणला की हिशेबाने स्केल १:१०१ च्या आसपास निघतो. म्हणून काहीजण पेटीही १:१०१ ची करतात. तसं करू नका. पेटी माणसांच्या पुतळ्यांशी आणि दारांशी जुळली पाहिजे, रुळाशी नव्हे. माणसं एचओची असतील तर पेटीही एचओची. नॅरोगेजवाल्यांना ही अडचण नाही: डभोईचा ७६२ मिमीचा गेज १:८७ मध्ये ८.८ मिमी येतो आणि ९ मिमीचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो.

खांबपेटी घरी कशी करायची?

एचओसाठी लागेल ते: ५ मिमी व्यासाची प्लास्टिकची दांडी किंवा तेवढीच गोल लाकडी काडी, ०.५ मिमीचं प्लास्टिक शीट, कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन, धारदार कटर आणि पातळ सुपरग्लू.

दांडी १५ मिमी लांब कापा. कापताना दांडी सुरीखाली फिरवत फिरवत खाच पाडा, एका दाबात कापू नका. नाहीतर टोक तिरकं येतं आणि पेटी कलते. शीटमधून पंचाने चार चकत्या काढा. साध्या पंचाची चकती साडेपाच ते सहा मिमीची येते, आणि पेटीच्या टोपीला नेमकी एवढीच कडा बाहेर हवी असते. दोन चकत्या खाली, पाया म्हणून. दोन वर, टोपी म्हणून. सगळं मिळून १७ मिमी भरतं. वरच्या चकतीवर इपॉक्सीचा एक थेंब सोडा आणि पेटी उभी ठेवून वाळू द्या; थेंब आपोआप घुमटाचा आकार घेतो. फेव्हिकॉलचा थेंब वाळताना मध्ये खचतो, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही.

फटीसाठी धडावर वरून ३ मिमी खाली कटरची पाठ आडवी ओढून १.७ मिमीची खाच करा. तिच्यावर ०.२५ मिमी जाडीची, २ मिमी लांबीची पट्टी थोडी पुढे झुकवून चिकटवा. हे पावसाचं छप्पर. दाराची चौकट सुईने कोरा, फार खोल नको. कुलपासाठी रंग झाल्यावर पितळी रंगाचा एक ठिपका.

एनमध्ये संपलेल्या बॉलपेनची रिफिल साधारण ३ मिमीची असते, तीच धड म्हणून घ्या. आतली शाई पूर्ण धुऊन काढा, नाहीतर काही महिन्यांनी निळा डाग लालमधून वर येतो. शरबताची प्लास्टिकची नळी वापरू नका. तिच्यावर रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो. लाकडाची काडी घेतली तर आधी सँडिंग सीलरचे दोन हात, नाहीतर लाकडाचे रेषे रंगातून दिसतात.

रंग कसा द्यायचा? काय बिघडतं?

लाल हा अंगाने पातळ रंग आहे. खालचा थर त्याच्यातून दिसतो. काळ्या प्रायमरवर तो तपकिरी होतो, गडद राखाडीवर मळकट. पांढरा किंवा फिकट गुलाबी प्रायमर घ्या. त्यावर लालचे तीन पातळ हात. एका जाड हातात काम उरकलं तर दाराची रेघ आणि फट बुजते.

हार्डवेअरचं इनॅमल घरच्या दारांसाठी बनवलेलं असतं, मॉडेलसाठी फार दाट. ब्रशने द्यायचं असेल तर चार भाग रंगाला एक भाग टर्पेंटाइन. एअरब्रशसाठी निम्मंनिम्म, ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते २० पीएसआय. दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस. एनसी थिनर मिसळू नका. तो प्लास्टिक विरघळवतो आणि पेटीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. एकदा तसं झालं की दुरुस्ती नाही, नवी दांडी कापावी लागते.

आधी लाल, मग काळा. टोपी आणि पाया ब्रशने रंगवा आणि ब्रश स्थिर धरून पेटीच फिरवा. पेटी टूथपिकवर टोचून धरली की हे सोपं जातं. काळा लालवर झाकतो; उलट क्रम केला तर लालच्या कडेला काळी छटा राहते.

बडोद्याच्या हवेबद्दल दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये दमट दिवशी लॅकर स्प्रे मारला की वर पांढुरकी धुरकट साय येते. हवेतला ओलावा वाळत्या रंगात अडकतो, त्यामुळे हे होतं. उघडीप मिळेपर्यंत थांबा किंवा ब्रशने काम करा. मे महिन्याच्या दुपारी उलट होतं: अॅक्रिलिक नोझलमधून पेटीपर्यंत पोचेपर्यंतच वाळतं आणि पृष्ठभाग खरबरीत येतो. सकाळी लवकर रंगवा आणि अॅक्रिलिकमध्ये रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला.

बरोबर पी.ओ. रेड लावूनही पेटी खेळण्यासारखी दिसते. का?

दोन कारणं. पहिलं चकाकी: खरी पेटी चकाकते, पण १७ मिमीच्या वस्तूवर तीच चकाकी पाणी सांडल्यासारखी दिसते. शेवटी सॅटिन वॉर्निश द्या. अगदी मॅटही नको, नव्या रंगाची थोडी झाक राहू दे.

दुसरं कारण अंतर. लेआउटवरची पेटी हातभर अंतरावरून बघताना आपण खरी पेटी ऐंशी-नव्वद पट लांबून बघतोय असं भासायला हवं, आणि तेवढ्या अंतरावर हवेमुळे रंग फिकट व मंद होतो. म्हणून रंग थोडा उतरवावा लागतो. बहुतेकजण त्यासाठी पांढरा घालतात आणि पेटी गुलाबी होते. पांढऱ्याऐवजी क्रीम किंवा बफ (फिकट पिवळसर-तपकिरी) घाला. एचओ-ओओसाठी दहा थेंब लालला एक थेंब बफ, एनसाठी दहाला दोन. टामियाचा एक्सएफ-५७ किंवा व्हायेहोचा ७०.९७६ चालतो. आधी एका तुकड्यावर लावून वाळल्यावर पाहा. ओला रंग नेहमी वेगळा दिसतो.

दिवसा ठीक दिसते, लेआउटचे दिवे लावले की तपकिरी होते.

एलईडी पट्टीचा दोष, रंगाचा नाही. स्वस्त पट्ट्यांत गडद लाल प्रकाश फार कमी असतो. पाकिटावर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ८० लिहिलेलं असलं तरी त्या सरासरीत गडद लाल, म्हणजे आर९, धरलेला नसतो. सीआरआय ९० च्या वरची आणि आर९ चा आकडा दिलेली पट्टी घ्या. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र प्रकाश लाल मारतो, २७०० चा पिवळा प्रकाश त्याला केशरी करतो. ४००० च्या आसपास ठीक पडतं. रंग जुळवण्याचं काम नेहमी लेआउटच्याच दिव्याखाली करा.

जुनी, वापरातली पेटी कशी दाखवायची?

उन्हाने लाल आधी वरच्या आणि दक्षिण-पश्चिम बाजूला उडतो. त्या बाजूला बफ थोडा जास्त घातलेल्या लालचा कोरडा ब्रश फिरवा. काळी टोपी राखाडी होते. पावसात उडालेला चिखल साधारण ३०० मिमीपर्यंत चढतो, एचओत साडेतीन मिमी. तिथे मातकट तपकिरी पेस्टलची भुकटी बोटाने चोळा. पायाच्या सांध्यावर गंजाची बारीक रेघ. फटीच्या छपराच्या दोन टोकांखाली पाण्याचे फिकट ओघळ. एवढ्यावर थांबा. पोस्टाच्या पेट्या वेळोवेळी रंगवल्या जातात. गंजून चाळणी झालेली पेटी चालू स्टेशनवर खोटी वाटते.

इनॅमलवर इनॅमलचा वॉश (खूप पातळ केलेला रंग) थेट देऊ नका, खालचा रंग सुटतो. मध्ये अॅक्रिलिक वॉर्निशचा एक हात द्या.

स्टेशनवर पेटी नेमकी कुठे ठेवायची?

फलाटाच्या कडेला कधीच नाही. मोठ्या स्टेशनवर आरएमएस कार्यालयाच्या भिंतीशी किंवा मुख्य प्रवेशाजवळ, जिथे बाहेरून आलेला माणूस गाडीकडे न वळता पत्र टाकू शकेल. नॅरोगेजच्या छोट्या स्टेशनवर खांबपेटीऐवजी टांगती पेटी घ्या आणि ती तिकीट खिडकीच्या भिंतीवर किंवा फाटकाच्या खांबावर लावा. फटीची उंची पुतळ्याच्या छातीशी यायला हवी. पेटीसमोर निदान एका माणसाला उभं राहायला मोकळी जागा ठेवा, तिच्या पुढ्यात बाक किंवा हातगाडी नको.

टपालाच्या डब्याला पेटी लागते का?

वेगळी पेटी नाही. गाडीतच टपाल निवडण्याची पद्धत आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली, आणि लेट फीचं (उशिराच्या जादा शुल्काचं) तिकीट लावून डब्यातच पत्र देण्याची सोय होती. मॉडेलमध्ये डब्याच्या बाजूला काळी आडवी फट, एचओत १.७ मिमी, आणि शेजारी छोटी पाटी. फ्रंटियर मेल किंवा गुजरात मेल करत असाल तर हा बारकावा जरूर करा, त्याने गाडीचं नाव सार्थ होतं. फलाटावर थैल्यांची हातगाडी ठेवली तर थैल्या मळक्या कोऱ्या कापडाच्या रंगाच्या.

माझा सेट अमेरिकन आहे. तिथली पेटी कोणत्या रंगाची?

पहिल्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला ऑलिव्ह हिरवा रंग टपाल खात्याला मिळाला आणि पेट्या हिरव्या झाल्या. ४ जुलै १९५५ ला लाल-पांढरी-निळी योजना आली: वरचा घुमट लाल, खाली निळा, अक्षरं पांढरी. १९७१ मध्ये नवं पोस्टल सर्व्हिस आल्यापासून गडद निळा. वाफेच्या इंजिनांच्या, १९५० पूर्वीच्या दृश्यात निळी पेटी ही त्या बाजूची सगळ्यात सामान्य चूक, कारण बाजारात मिळणारी तयार पेटी निळीच असते. तिच्यावर टामियाचा एक्सएफ-६२, त्यात थोडा बफ घालून, मारला की काम झालं.

नंतरच्या काळातही तिथे एक हिरवी पेटी दिसते, पण तिला फट नसते. ती पोस्टमनसाठी थैल्या ठेवायची. पत्र टाकणारा माणूस तिच्यासमोर उभा करू नका.

आणि ब्रिटिश किंवा जर्मन?

ब्रिटनमध्ये १८५९ पासून हिरवा, १८७४ पासून लाल, १८८४ पर्यंत दोन्ही एकत्र. पाया काळा. १९३० च्या दशकात विमान टपालासाठी निळ्या पेट्याही होत्या. आयर्लंडमध्ये १९२२ नंतर त्याच पेट्या हिरव्या रंगवल्या गेल्या. षटकोनी पेन्फोल्ड पेटी १८६६ ते १८७९ मधली. ती नंतरही उभी राहिली, त्यामुळे पुढच्या काळातल्या दृश्यात लाल रंगात चालते.

जर्मनीत १९३४ पासून लाल, १९४६ पासून पिवळा. आजच्या पिवळ्याचा क्रमांक आरएएल १०३२. जर्मन सेटमधली पिवळी पेटी फुकट आली म्हणून ती बडोद्यात 'राजधानीची पेटी' करू नका. आकारच वेगळा आहे, भिंतीवरची चौकोनी. रंग बदलूनही ती इथली वाटत नाही.

एकाच दृश्यात नवी-जुनी अशा दोन छटा चालतील का?

चालतील, आणि मोठ्या लेआउटवर तसंच करावं. पेट्या सगळ्या एकाच दिवशी रंगवल्या जात नाहीत. मुख्य स्टेशनची पेटी ताजी, सॅटिन. पुढच्या हॉल्टवरची उडालेली, बफ जास्त. दोन्ही एकाच डब्यातल्या पी.ओ. रेडपासून बनवा, म्हणजे एकीची दुसरी झाल्यासारखी दिसेल. मिश्रणाचं प्रमाण डब्याच्या झाकणावर पेनने लिहून ठेवा, पुढच्या पेटीला लागेल.